वनस्पतीचं तेल लावूनही डास चावतो, तेव्हा नेमकं कुठं चुकतं?

‘तुमचं तेल काय कामाचं न्हाई बघा. परत घ्या.’

श्रावण लागला की हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी माझ्या गल्ल्यावर येऊन आदळतं. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या अंगाला आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे. वेखंड, निरगुडी, कापूर, लिंबोळीचं तेल, सिट्रोनेला (गवती चहाच्या जातीच्या गवताचं तेल), निलगिरी, सगळं इथं मिळतं. डासांवर म्हणून यातलं काहीतरी नेणारं गिऱ्हाईक आणि ‘चालत न्हाई’ म्हणून परत येणारं गिऱ्हाईक, दोन्ही पावसाळ्यात वाढतात. पूर्वी मी वाद घालायचो. आता एकच विचारतो: ‘किती वाजता लावलं, आणि पहिला डास किती वाजता चावला?’

बहुतेकांना सांगता येत नाही. जे सांगतात, त्यांच्या उत्तरातच दोष सापडतो. परवा एक मावशी म्हणाल्या, ‘सातला लावलं की, आणि झोपायच्या टायमाला चावाय लागले.’ म्हणजे सात ते साडेदहा. मावशी, तेल खराब नव्हतं. ते साडेसात-आठलाच तुमच्या हातावरून उठून गेलं होतं.

आधी घड्याळ बघा

तेलं दोन जातीची. खोबरेल, तीळ, करंज, लिंबोळी ही बसणारी तेलं. कागदावर थेंब टाकला तर दुसऱ्या दिवशीही डाग तसाच राहतो. सिट्रोनेला, गवती चहा, निलगिरी, लवंग, तुळस यांची तेलं उडणारी. कागदावर टाका, थोड्या वेळानं डाग जवळजवळ गायब. डासाला दूर ठेवणारा गुण या उडणाऱ्या तेलात आहे. बाटली उघडल्यावर जो वास दरवळतो, तो म्हणजे तेल हवेत निघालेलं असतं. डासाच्या शृंगिकांवर, म्हणजे डोक्यावरच्या मिशांसारख्या दोन अवयवांवर, हाच वास आदळतो. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि घामातलं लॅक्टिक आम्ल हुंगत डास येत असतो, त्या कामात त्याचा गोंधळ उडतो. पण वास आदळायचा तर तेल उडालंच पाहिजे, आणि उडालं की संपलं. काम करण्याची रीत आणि काम थांबण्याचं कारण एकच आहे. तेल ‘असली’ की ‘नकली’ हा प्रश्न त्यानंतरचा.

आकडा हवा असेल तर 2002 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेली चाचणी बघा. 15 माणसांनी हात पिंजऱ्यात घातले, आत डेंग्यूवाला एडिस इजिप्ती डास. 23.8 टक्के डीट (कारखान्यात बनवलेलं डास पळवणारं रसायन) असलेल्या औषधानं सरासरी पाच तास एक डास चावू दिला नाही. सोयाबीन तेलाच्या एका मिश्रणानं सुमारे 95 मिनिटं काढली. सिट्रोनेला धरून बाकीची वनस्पतींची औषधं सरासरी 20 मिनिटांच्या आत गळपटली. मनगटात घालायचे वासाचे पट्टे? पहिल्या मिनिटातच चावा. ते रंगीत पट्टे पोरांना घालायला म्हणून अजून विकले जातात, मी ठेवत नाही.

पिंजऱ्यात डास भुकेले आणि दाटीवाटीनं असतात, त्यामुळं आपल्या परसात वेळ जरा जास्त मिळतो. पण ‘रात्रभर’ कुणी सांगत असेल तर हात जोडून पुढं चला.

मग उपाय काय? एक, तेल बांधा. जुने अत्तरवाले फुलांचा वास चंदनाच्या तेलात बांधायचे, म्हणून कानातला फाया दिवसभर टिकायचा. तीच युक्ती. 50 मिली खोबरेलात सिट्रोनेला एक चहाचा चमचा, म्हणजे 5 मिली. हे सुमारे 10 टक्के झालं. खोबरेल त्याला धरून ठेवतं, उडणं सावकाश होतं. सिट्रोनेला कच्चं, निव्वळ कधीही चोळू नका. कातडी लाल होते, काहींना फोड येतात, आणि जास्त लावलं म्हणून जास्त वेळ टिकतं असं फारसं होत नाही. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. थंडीत खोबरेल थिजतं आणि सिट्रोनेला त्यात सारखं मिसळत नाही. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा, हलवा, मग लावा. ‘थंडीत तुमचं तेल चालत न्हाई’ या तक्रारीचं उत्तर निम्म्या वेळा एवढंच असतं.

दोन, व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला वास देणारा पदार्थ. थायलंडमधल्या संशोधकांनी 2001 साली हळद, सिट्रोनेला आणि तिथल्या तुळशीच्या तेलांत 5 टक्के व्हॅनिलिन मिसळून पाहिलं, तेव्हा प्रयोगशाळेत आठ तासांपर्यंत परिणाम मिळाला. हे ऐकून दोघा-तिघांनी केकसाठी मिळणारा व्हॅनिला इसेन्स खोबरेलात ओतला आणि माझ्याकडं तक्रार घेऊन आले. इसेन्समध्ये व्हॅनिलिन नावालाच, बाकी पाणी नाहीतर दुसरा द्रव. तो तेलात मिसळतच नाही, तळाशी बसतो. व्हॅनिलिनची पूड वेगळी मिळते. ती 50 मिलीत अडीच ग्रॅम पडली पाहिजे.

तीन, परत लावा. दर तासाला, आणि घाम आला तर त्याच्याही आधी. आमच्याकडं तालमीतला एक पैलवान येतो. व्यायाम झाल्यावर हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला बसलं की डास फोडून काढतात म्हणतो, आणि तेल लावतो तालमीत जाताना! हळद, ताक, तेल घालून मळलेल्या तांबड्या मातीत दोन तास लोळल्यावर अंगावर सिट्रोनेला उरेल कुठून? शिवाय तापलेलं, घामेजलेलं अंग डासाला लांबून कळतं. त्याला सांगितलं, अंघोळ करून लाव. त्यानंतर तक्रार नाही.

आणि लावताना चार बोटं जागासुद्धा सुटू देऊ नका. पायाचा घोटा, कानामागचा भाग, कोपर. डास मोकळी जागा बरोब्बर शोधतो, शेजारी तेल आहे याची फिकीर करत नाही. कपड्यांतून चावत असेल तर मोज्यावर आणि पायजम्याच्या काठावर थोडं लावायला हरकत नाही, डाग पडतील एवढंच.

लिंबोळीच्या तेलाचा घोळ

सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहे, म्हणून जरा थांबतो.

शेतकरी माणूस लिंबोळी अर्काला मानतो, आणि बरोबर मानतो. त्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन पान खाणाऱ्या अळीची भूक मारतं, तिची कात टाकायची क्रिया बिघडवतं. पण यासाठी अळीनं ते पान खावं लागतं. डास तुमची कातडी खात नाही. सोंड खुपसून रक्त ओढतो आणि जातो. फडातलं यश हातावर तसंच्या तसं मिळेल असं धरून चालणाऱ्यांची तिथंच फसगत होते.

मग लिंबोळीचं तेल डासावर चालतच नाही का? तसंही नाही. 1993 साली भारतातल्याच संशोधकांनी खोबरेलात 2 टक्के लिंबोळी तेल घालून अंगाला लावलं, तेव्हा अ‍ॅनोफिलिस, म्हणजे मलेरियाच्या डासांपासून बारा तास बचाव झाल्याचं नोंदवलं. नंतरच्या बऱ्याच चाचण्यांत, खास करून एडिसवर, एवढा गुण दिसला नाही. म्हणजे डास कुठला यावर बरंच ठरतं. आणि शहरात आपल्याला रडवतात ते बहुतेक क्युलेक्स आणि एडिस, अ‍ॅनोफिलिस कमी.

तेव्हा लिंबोळी तेल लावा, पण एकट्याच्या भरवशावर बसू नका. सिट्रोनेलाच्या मिश्रणात खोबरेलाच्या जोडीला थोडं घातलं तर बसणारं तेल म्हणूनही त्याचा उपयोग होतो. वास सोसवत असेल तर. आमच्या घरात सोसवत नाही, बायकोनं बाटली दुकानातच ठेवायला सांगितली आहे. एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो: हे तेल तान्ह्या बाळाला चाटवायचं नाही, जंतांवर म्हणून नाही, कशावरच नाही. लहान बाळांना त्यातून गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. कापूर पोटात गेल्यानं लहान मुलांना झटके येतात. त्यामुळं कापराची डबी आणि कापूर घातलेलं तेलही पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

मशीनमधला जुगाड

‘संपलेल्या रिफिलमध्ये लिंबोळी तेल आणि कापूर भरला, दोन दिवस चाललं, आता मशीन गरम होतंय पण डास हलत न्हाईत.’

हलणार नाहीत. ती वात पातळ द्रव ओढायला केलेली असते. लिंबोळीचं तेल जाड, ते वातीत चढतं आणि तिथंच जळून राळ धरतं. दोन दिवस जे ‘चाललं’ ते कापूर उडत होता म्हणून. नवी वात घातली तरी आठवड्यात तेच होणार. दुरुस्ती एकच: हा प्रयोग बंद करा. काहीजण तेल पातळ व्हावं म्हणून रॉकेल किंवा टर्पेंटाइन घालतात. विजेवर तापणाऱ्या वस्तूत, झोपलेल्या पोरांच्या उशाशी! असं कुणी करत असेल तर आजच ओतून टाका. आवाजानं डास पळवणारी यंत्रंही त्याच रांगेतली. त्यांच्या दहा चाचण्यांचा आढावा 2007 साली घेतला गेला, एकाही चाचणीत चावे कमी झालेले नव्हते.

डास कुठला, ते बघा

घड्याळाचा दुसरा उपयोग इथं. चावा दिवसा असेल, सकाळी ऊन चढायच्या आत किंवा मावळतीच्या आधी, घोट्याजवळ, आणि डास काळा, पायांवर पांढरे पट्टे, तर तो एडिस. डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा. रात्री कानाशी गुणगुणत चावणारा तपकिरी क्युलेक्स.

माझी बरीच गिऱ्हाइकं तेल लावतात रात्री आणि चावून घेतात सकाळी अंगणात भांडी घासताना. तेलाची वेळ बदला, एवढ्यानं निम्मी तक्रार मिटते.

एडिस लांबून येत नाही. शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचा जन्म झालेला असतो, म्हणजे तुमच्या नाहीतर शेजाऱ्याच्या घरी. जुन्या पेठांतल्या वाड्यांत मोरीजवळचा सिमेंटचा हौद, गच्चीवरची झाकण तडकलेली टाकी, फ्रिजमागचा ट्रे, बाटलीत लावलेलं मनीप्लांट, गॅरेजसमोरचे टायर. गणपतीत मंडळाच्या मांडवाशेजारी आठ-दहा दिवस भरून ठेवलेलं पिंपही. अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात, त्यामुळं रात्री जागणारी कार्यकर्ती पोरं माझ्याकडं चौथ्या-पाचव्या दिवशी नाही, विसर्जनाच्या आसपास येतात.

हौद रिकामा करून लगेच भरला तर उपयोग नाही. एडिस अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या काठाला भिंतीवर चिकटवतो, आणि ती कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. पाणी चढलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस हौद उपसायचा, भिंत काथ्यानं खरवडून घासायची, उन्हात कोरडी होऊ द्यायची. उपसणं शक्यच नसेल तर गप्पी मासे सोडा.

क्युलेक्सचं घर घाण पाण्यात. जयंती नाल्याच्या काठावरच्या गल्ल्यांना हे सांगायला नको. पण ज्यांच्या आसपास नाला नाही त्यांनी शौचालयाच्या टाकीची हवेची पाईप बघावी. तिच्या तोंडाला जाळीचा तुकडा तारेनं आवळा. दहा रुपयांचं काम आहे आणि दहा बाटल्या तेलापेक्षा जास्त उपयोगी, हे मी दुकानदार असून सांगतोय. केंदाळ साचलेल्या पाण्यालगत राहत असाल तर तिसरी जात, मॅन्सोनिया. तिच्या अळ्या पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून श्वास घेतात, त्यामुळं केंदाळ काढल्याशिवाय तो डास हटत नाही.

धुरी, अगरबत्ती, कुंडीतलं झाड

गोवरीवर कडुलिंबाचा पाला किंवा निरगुडी टाकून धुरी केली की डास कमी होतात, जोवर धूर आहे तोवर. गोठ्यात, मोकळ्या परड्यात ठीक. बंद खोलीत नको. धूर पाल्याचा असला तरी फुफ्फुसाला तो धूरच. डासांच्या कॉइलची मोजणी 2003 साली झाली होती, एका कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले. लिंबाच्या धुरीची अशी तुलना माझ्यापाशी नाही, पण दम्याचं माणूस घरात असेल तर मी मोजत बसणार नाही.

‘हर्बल’ अगरबत्ती लावल्यावर डास पटापट खाली पडत असतील तर खूश होण्याआधी पुडा उलटून बघा. वनस्पतीच्या वासानं डास लांब जातो, असा टपाटप मरत नाही. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली घरगुती डासनाशकाची नोंदणी लागते, आणि पुड्यावर सीआयआर असा नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल आणि डास मरत असतील, तर आत न सांगितलेलं कीटकनाशक घातलेलं असण्याची दाट शक्यता. असे पुडे माझ्याकडंही विकायला घेऊन येतात. कमिशन चांगलं असतं.

कुंडीतलं ‘डास पळवणारं झाड’ हा तर निव्वळ शोभेचा माल. गवती चहाचं असो की जिरॅनियमच्या जातीचं, तेल पानाच्या आत बंद असतं. पान चुरगळल्याशिवाय ते बाहेर येत नाही. परसातल्या गवती चहाच्या गड्ड्यात मी स्वतः डास बसलेले बघितलेत, सावलीला. त्या गड्ड्याचा चहा करा.

मग आजी धान्यात लिंबाचा पाला घालायची, तो कसा चालायचा? चालायचा, कारण कणगी बंद. वास कोंडून राहतो, आणि तिथल्या सोंडेकिड्यांना लिंबाचा कडूपणा खावा लागतो. तरीही धान्य कडक वाळलेलं आणि पाला सावलीत सुकवलेला हवा. ओला पाला टाकला की बुरशी येते आणि सगळ्याचं खापर पाल्यावर फुटतं. बंद डब्याचा गुण उघड्या हाताकडून मागायचा नाही.

गल्लीत डेंग्यू निघाला तर

माझ्या दुकानातलं काही नेऊ नका. मेडिकलमध्ये जा, डीट किंवा पिकारिडिन असलेलं औषध घ्या, त्यावर लिहिलं असेल तसंच लावा. हे ऐकून काही जण नाराज होतात. पिकारिडिनची घडण मिऱ्यातल्या पायपरिनसारखी केलेली आहे, आणि कॉइलमधलं औषध शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रमच्या फुलाची नक्कल आहे, हे सांगितल्यावर जरा निवळतात.

वनस्पतीचंच हवं असा हट्ट असेल तर एक आहे, पीएमडी. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळतं. चीनमध्ये ते तेल काढून उरलेल्या टाकाऊ भागात सापडलं. सावकाश उडतं, म्हणून काही तास टिकतं, आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं 2005 साली डीटच्या बरोबरीनं त्याची शिफारस केली. तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र लावायचं नाही. आणि इथंही एक गफलत: ‘लेमन युकॅलिप्टस’ नावाचं साधं सुगंधी तेल म्हणजे पीएमडी नव्हे. सर्दीला हुंगायचं निलगिरी तेल तर त्याहून लांबचं. लेबलवर पीएमडी आणि त्याचे टक्के लिहिलेले असतील तरच घ्या. तान्ह्या बाळाला काहीच लावू नका, मच्छरदाणी बांधा. दिवसाच्या झोपेलाही.

हे सगळं करूनही चावत असेल तर या, बाटली परत घेईन. फक्त येताना एका चिठ्ठीवर लिहून आणा: लावलं किती वाजता, पहिला डास बसला किती वाजता, कुठल्या जागी, पायावर पट्टे होते का, आणि घरात पाणी कशाकशात साठवलंय. बसला की उडवा, चावायची वाट बघू नका. गेल्या पावसाळ्यात एका वहिनींनी अशी चिठ्ठी आणली होती. शेवटच्या ओळीत ‘देवघराखालचं घंगाळ, पूजेचं, तीन आठवडे’ असं होतं. त्यांनी ते वाचून दाखवलं, गप्प झाल्या, आणि बाटली पिशवीत परत टाकून घराकडं निघाल्या.